भीमथडी घोडा : आज नोंदवलेली जात आणि मराठ्यांच्या पागेतला घोडा एकच का?

नीराकाठ (धागालेखक)

२०२४ च्या आरंभी करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी, म्हणजे भीमा नदीकाठच्या मुलखातल्या, घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्करी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी या सातांच्या पंक्तीला आता महाराष्ट्राचा घोडाही बसला. बातमी वाचून आनंद झाला, पण तिच्यासोबत जे मथळे फिरले ते वाचून एक प्रश्नही पडला आणि तो येथील जाणकारांपुढे ठेवावासा वाटला.

मथळे होते 'अटकेपार गेलेल्या घोड्याला मान्यता' अशा थाटाचे. प्रत्यक्षात जी जनावरे पाहून ही नोंद झाली ती प्रामुख्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत फिरणाऱ्या मेंढपाळ धनगरांची आहेत. उंची साधारण सव्वाचार फुटांच्या आसपास, अंग काटक, खूर टणक आणि काम ओझे वाहण्याचे. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजेबरोबर पंजाबात गेलेला घोडा आणि बारामती-फलटणच्या माळावर पाल, भांडी व कोंबड्यांच्या डालग्या वाहणारी ही घोडी यांच्यात खरोखर रक्ताचे नाते आहे का? की जुन्या, मानाच्या नावाखाली आपण एक वेगळेच जनावर नोंदवले आहे?

माझे मत आधीच सांगतो. नाते आहे, परंतु ते आपण समजतो त्या वाटेने आलेले नाही. हा घोडा पागेने घडवला असेल, टिकवला मात्र पागेने नाही. सरदारांच्या वाड्यांतून तो गेला आणि मेंढरांच्या वाड्यात राहिला. हे मत कोणी खोडून काढले तरी चालेल, पण पुराव्यानिशी खोडावे, एवढीच विनंती.

बखरप्रेमी

धागा उत्तम. सुरुवात पागेपासूनच करू, कारण शिवकालीन घोडदळाची रचना लक्षात घेतल्याशिवाय घोड्यांची पैदास कोण करीत होते हे कळणार नाही.

घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, पुढे हजारी, पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी चढती रचना होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी पुरवणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) दिलेला असे, हा तपशील मला नेहमीच फार बोलका वाटतो. महाराजांच्या अखेरच्या काळातले आकडे दिले जातात ते पागेचे ४५,००० आणि शिलेदारांचे ६०,००० असे. हे आकडे थोडे फुगवलेले आहेत असे मानले तरी प्रमाण पाहा, निम्म्याहून अधिक घोडे सरकारचे नव्हतेच. ते गावोगावच्या शिलेदारांच्या दारात बांधलेले होते.

म्हणजे पैदास एखाद्या मोठ्या सरकारी तबेल्यात होत नव्हती. ज्याच्या दारात चांगली घोडी होती तो पाटील, तो शिलेदार शिंगरे वाढवीत होता. घोडा हेच त्याचे भांडवल. लढाईत घोडा पडला की त्याची रोजी बुडे, म्हणून शिलेदार घोड्याला फार जपून वापरीत असे, आणि प्रसंगी त्यापायी लढाईत मागेही राही. त्याला उमदा पण नाजूक घोडा परवडणारा नव्हता. त्याला हवा होता कमी चंदीवर, म्हणजे थोड्या दाण्यावर, निभावणारा, घाट चढणारा, दिवसामागून दिवस मजल मारणारा घोडा. जातीचे गुण ठरले ते या गरजेतून.

दर्यावर्दी

बखरप्रेमी यांचे विवेचन पटते, परंतु त्यातून एक भलताच समज होण्याचा संभव आहे, तो असा की दख्खनचा घोडा दख्खनच्या मातीतच उगवला. दख्खनचा इतिहास खरे तर समुद्रमार्गे घोडे आणण्याचा इतिहास आहे. ठाण्याचा राजा आणि समुद्री लुटारू यांच्यात करार होता, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल लुटारूंचा, असे मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. चौल, दाभोळ आणि गोवा ही बंदरे अरबी व इराणी घोड्यांच्या व्यापारावर गब्बर झाली, आणि १५१० मध्ये गोवा हाती आल्यावर पोर्तुगिजांनी या व्यापारावर ताबा मिळवण्यासाठी जिवाचे रान केले.

यातील सर्वांत चटकदार हकिकत अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची. पंधराव्या शतकात, बहमनी अमदानीत, तो एक घोडा विकायला म्हणून चौलला उतरला आणि त्या घोड्यासह जुन्नरला आला. तेथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर घोडा परत देतो, वर मोहराही देतो, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केल्यामुळे निकितिनचा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. पुढे त्याने तो घोडा बिदरला विकला. याच निकितिनने लिहिले आहे की या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात. घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर-तेल घातलेली खिचडी खाऊ घालतात, असेही त्याने नोंदवले आहे.

तेव्हा धागालेखकांना माझा प्रश्न असा की ज्या मुलखात घोडे पैदाच होत नाहीत असे एक घोडेविक्या म्हणतो, तेथे दोनशे वर्षांत स्वतंत्र 'जात' कोठून आली?

खुसखुस

घोड्याला साखर-तेलाची खिचडी! आमच्या मेसमध्ये याहून कमी मिळत असे. आता मला त्या काळच्या घोड्यांबद्दल वाटणारी सहानुभूती मी मागे घेतो.

बखरप्रेमी

दर्यावर्दी, निकितिनचे विधान मी वाचले आहे, पण ते कोणाचे आहे हेही पाहावे. तो घोडा विकायला आलेला परदेशी व्यापारी, आणि त्याची ऊठबस अमीर-उमरावांच्या दारी. त्या दारी जो 'घोडा' म्हणून गणला जाई तो अरबी किंवा खुरासानी. गावातल्या बाजारहाटाला जाणाऱ्या, वाण्याचे मीठ वाहणाऱ्या लहान तट्टांना तो घोड्यांत मोजत असेल असे मला वाटत नाही. बंदरातून आलेला वळू घोडा आणि गावातली लहानशी काटक घोडी यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या संकरातूनच दख्खनी घोडा तयार झाला, हे तर सर्वच अभ्यासक मानतात. परदेशी बापामुळे चपळाई आणि देखणेपण आले, येथल्या आईमुळे टणक खूर आणि भूक सोसण्याची ताकद आली. तुमचा पुरावा माझ्या म्हणण्याला पूरकच आहे.

माणदेशकर

चर्चा बंदरे आणि बखरी यांत रमली आहे म्हणून जमिनीवर आणतो. माझे आजोळ मेंढपाळांचे, आणि वाडा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगणे आवश्यक वाटते. येथे वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. काही कुटुंबे आपापली मेंढरे एकत्र करून वर्षातले सात-आठ महिने फिरतात, त्या फिरत्या वस्तीला वाडा म्हणतात. दिवाळी झाली की बारामती, फलटण, माण या भागांतले वाडे पश्चिमेकडे निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परत आपल्या कोरड्या मुलखात येतात. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही.

या सगळ्या प्रवासात संसार असतो तो घोड्याच्या पाठीवर. पुरुष मंडळी मेंढरे घेऊन चरत चरत पुढे जातात, आणि तळ मोडणे, घोडी लादणे, नव्या जागी नेऊन पुन्हा तळ लावणे हे काम बायका करतात. माझी मामी घोडी लादायची ते मी जवळून पाहिले आहे. आधी पाठीवर जुन्या घोंगडीच्या घड्या, त्या अशा की कण्यावर भार न येता दोन्ही बरगड्यांवर यावा. त्यावर खोगीर, मग दोन्ही बाजूंना समतोल साधून धान्याची पोती, भांडी, पालाचे कापड आणि काठ्या. वर कोंबड्यांची डालगी. त्या आठवड्यात जन्मलेली कोकरे झोळीत घालून बाजूला लटकवलेली, त्यांची फक्त तोंडे बाहेर. आणि सर्वांत वर बांधलेले तान्हे मूल. एका बाजूला ओझे जरासे जास्त झाले तर ती सारे उतरवून पुन्हा लादायची, कारण घाटात खोगीर फिरले तर मूल खाली येते.

आता विचार करा, या कामाला कशी घोडी लागते? उंच घोडी चालत नाही, कारण बाईला तिच्या पाठीवर पोते चढवता आले पाहिजे. बुजरी घोडी चालत नाही, कारण वर मूल असते. चंदी मागणारी घोडी चालत नाही, कारण वाड्यात दाणा माणसांना पुरताना मारामार. रात्री पायबंद घालून सोडली की मेंढरांच्या मागे राहिलेले चरून तिने पोट भरले पाहिजे. जी घोडी यात बसली नाही ती विकली, जी बसली तिची शिंगरे ठेवली. ही निवडच ना? कागदावर कोणी लिहिली नाही एवढेच.

सातारकर

माणदेशकर, प्रतिसाद फार आवडला. थोडे अवांतर लिहितो, पण घोड्याबद्दलच आहे.

आपल्या मनातला मराठ्यांचा घोडा घडवला आहे तो दिनदर्शिकांतल्या चित्रांनी आणि चौकाचौकांतल्या पुतळ्यांनी. पांढराशुभ्र, सहा फुटी, मान कमानदार, पुढचे दोन्ही पाय हवेत. राजांच्या आणि मोठ्या सरदारांच्या खास स्वारीचे घोडे अरबी वळणाचे असतीलही, परंतु जी हजारोंची फौज खानदेशापासून कर्नाटकापर्यंत धावत होती ती अशा घोड्यांवर नव्हती. संताजी-धनाजींच्या फौजेतला घोडा चित्रकाराने प्रामाणिकपणे काढला तर त्यावर बसलेल्या स्वाराचे पाय जमिनीपासून फार वर दिसणार नाहीत. असे चित्र कोणी भिंतीवर लावेल का, हा प्रश्न वेगळा.

दुसरे अवांतर वारीचे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व येतात आणि रिंगणात धावतात. एकावर जरीपटक्याचा स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर माउली आहेत असे मानून ती रिकामी ठेवतात. ते अश्व कोणत्या जातीचे याच्याशी वारकऱ्याला कर्तव्य नसते, तो टापांखालची माती कपाळाला लावतो. पण घोडा पाळण्याची आणि त्याला मान देण्याची रीत या मुलखात सरदारांपुरती नव्हती हे यातून दिसते. जेजुरीचा खंडोबासुद्धा घोड्यावरच बसलेला आहे.

पशुवैद्य_नगरी

'जात' या शब्दाभोवती धाग्यात गोंधळ होत आहे, म्हणून व्यवसायाच्या अधिकाराने थोडे लिहितो.

पशुशास्त्रात एखाद्या जातीची नोंद होते ती तिच्या पूर्वजांनी कोणती लढाई मारली यावरून नव्हे. एका विशिष्ट प्रदेशात बऱ्यापैकी संख्येने असलेली, आपापसांत वाढणारी, रूपाने आणि मोजमापांनी एकमेकांसारखी, आणि जनुकीय तपासणीत शेजारच्या जातींहून वेगळी ठरणारी जनावरे आहेत का, एवढेच पाहतात. भीमथडी या कसोटीला उतरली. ती मारवाडीची खुजी शाखा नाही, काठियावाडीची नाही, आणि हिमालयातल्या तट्टांशीही तिचे जवळचे सोयर नाही. कानांची ती प्रसिद्ध आत वळलेली टोके मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ओळख, ती येथे शोधू नयेत.

तेव्हा धागालेखकांच्या 'रक्ताचे नाते आहे का' या प्रश्नाचे उत्तर नोंदीच्या कागदात मिळणार नाही. आजची जनावरे एक जात आहेत, इतके त्यावरून सिद्ध होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या घोड्याचे वंशज कोण, हे कागदपत्रांतूनच शोधावे लागेल आणि ते काम येथील बखरवाल्यांचे.

संख्येचेही भान असावे. २०१९ च्या पशुगणनेत संपूर्ण भारतात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली, २०१२ मध्ये ती सव्वासहा लाखांच्या घरात होती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. भीमथडीची संख्या पाच हजारांच्या आसपास सांगितली जाते.

गॅझेटियर-वाचक

धागालेखकांच्या 'पागेने टिकवला नाही' या विधानाला माझ्याकडून काही जोड देतो. घोड्याची उतरण नेमकी कशी झाली ते क्रमाने पाहिले तर चित्र स्पष्ट होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. तिच्याबरोबर सरदारांची पथके, त्यांच्या पागा आणि दरसाल हजारोंनी घोडे विकत घेणारे गिऱ्हाईक संपले. ज्या शिलेदाराला घोडा हे भांडवल होते त्याला तो एकाएकी बसून खाणारा पाहुणा झाला. कंपनी सरकारने आपले घोडदळ उभे केलेच नाही असे नाही. शिरूरला १८१७ मध्येच पूना हॉर्सची उभारणी झाली होती, आणि शिलेदारी पद्धत तर इंग्रजांनी आपल्या देशी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. पण इंग्रज अधिकाऱ्यांना घोडा उंच हवा होता. मुंबईच्या बंदरात उतरणारे अरबी घोडे आणि पुढे ऑस्ट्रेलियातून न्यू साउथ वेल्सचे म्हणून येणारे 'वेलर' यांच्यापुढे भीमाकाठचा बुटका घोडा फौजेच्या मापात बसेना.

मग आली रेल्वे. पुण्याहून निघालेली लोहमार्गाची शाखा १८५८ च्या अखेरीस भीमेकाठच्या दिकसळपर्यंत पोहोचली, म्हणजे नेमक्या भीमथडीच्या मुलखात, आणि दोन वर्षांत पुढे सोलापूरला. पक्क्या सडकांवर बैलगाड्या धावू लागल्या तशी पाठीवरून माल वाहणाऱ्या तट्टांची कमाईही आटली. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला तो याच भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, यावरून त्या मुलखातल्या शेतकऱ्याची अवस्था कळते. कर्जाने वाकलेला कुणबी घोडी कशाला पाळील? आणि पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ. कडबाच नाही तेथे आधी बैल वाचवायचा, घोडी नंतर.

या सगळ्यातून ज्यांचे घोड्यावाचून चालत नव्हते असे एकच गिऱ्हाईक उरले, आणि ते कोण हे माणदेशकरांनी सांगितलेच आहे.

शंकेखोर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. लिहिले छान आहे, पण साखळीतली एक कडी गायब आहे. शिलेदारांकडे दख्खनी घोडा होता, हे मान्य. धनगरांकडे आज एक जात आहे, हेही मान्य. परंतु धनगरांची घोडी ही शिलेदारांच्या घोड्यांपासून आली, की ती आधीपासूनच वेगळी, ओझ्याची तट्टे होती आणि शिलेदारी घोडा वारस न ठेवता नामशेष झाला? दुसरी शक्यता खरी असेल तर 'अटकेपार' हा मथळा चुकीचा ठरतो. या एका प्रश्नाला सगळेच वळसा घालून जात आहेत.

नीराकाठ (धागालेखक)

शंकेखोर यांनी नेमके बोट ठेवले. माझ्या परीने उत्तर देतो.

१८०९ मध्ये ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. छावणीतून त्याने लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली. मराठे कोणत्या घोड्यांना सर्वाधिक मानतात हे सांगताना त्याने भीमेकाठी पैदा होणाऱ्या घोड्यांचे नाव घेतले आहे, आणि वर्णन केले आहे ते असे : मध्यम अंगाचे, मजबूत, बऱ्यापैकी देखणे, बहुतेक गडद कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाचे, पाय काळे. लक्षात घ्या, हे वर्णन राजपुताना-माळव्यात फिरणाऱ्या छावणीतले आहे, म्हणजे भीमेपासून शेकडो मैलांवर त्या घोड्याची ओळख मुलखाच्या नावाने होती. उंच नव्हे, 'मध्यम'. आजच्या जातीतही कुमैत रंगाची जनावरे पुष्कळ दिसतात.

एवढ्यावरून वंश सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. मात्र शिलेदारी घोडा आणि ओझ्याचे तट्टू या दोन बंद पेट्या होत्या हे गृहीतकच मला पटत नाही. भूगोल पाहा. भीमा, नीरा, कऱ्हा यांच्या खोऱ्यात पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, शाळूचा कडबा भरपूर, नदीकाठी हरळी, हवा कोरडी. याच पट्ट्यात शिलेदारांची गावे आणि याच पट्ट्यात धनगरांचे मूळ मुक्काम. मल्हारराव होळकर याच समाजातून आले, घोडदळावर मोठे झाले आणि त्यांचे मूळ गाव होळ हे नीरेकाठचेच. एका गावातला वळू घोडा पाटलाच्या घोडीला लागतो आणि मेंढपाळाच्या घोडीला लागत नाही, असे दोनशे वर्षे कोणी पाळले असेल का?

बखरप्रेमी

धागालेखकांना दुजोरा देणारे, पण थोड्या वेगळ्या बाजूने. चिपळूण परिसरात पावसाळ्याच्या छावणीसाठी राहिलेल्या पागेच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. बहुतेक वेळा ते रयतेच्या काडीलाही हात लावू नये या आज्ञेसाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण घोड्यांच्या दृष्टीने ते पुन्हा वाचावे. साठवलेला दाणा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. पुढे आगीचा धोका सांगताना रात्री जळता दिवा ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत तपशील दिला आहे.

यातून मला दिसते ते असे की घोड्याची खरी मर्यादा पावसाळा आणि वैरण ही होती. कोरड्या मुलखातला घोडा पावसाळी कोकणात ठेवायचा तर राजाला स्वतः गवताच्या गंजींची काळजी करावी लागे. धनगर हेच गणित उलट बाजूने सोडवतात, पावसापूर्वी घाट चढून परत येतात. घोडा एकाच हवामानाचा आहे, असे म्हणायला यामुळे जागा आहे.

दर्यावर्दी

हा तर्क मान्य. माझा मूळ आक्षेप 'शुद्ध देशी' या कल्पनेला होता आणि धाग्यात आता ती कोणीच मांडत नाही, त्यामुळे मी तलवार म्यान करतो.

खुसखुस

दर्यावर्दी यांनी तलवार म्यान केली, म्हणजे आता घोडा बेकार झाला. इतिहासाची पुनरावृत्ती होते ती अशी.

विलायतकर

मी इंग्लंडच्या नैऋत्य भागात राहतो, एक्समूरच्या माळापासून फार दूर नाही. तेथील रानटी वाटणाऱ्या तट्टांची संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली आणि वंशावळीची नोंदवही ठेवली जाऊ लागली. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जेमतेम पन्नासेक जनावरे उरली होती, आणि त्यांतून जात पुन्हा उभी राहिली ती स्थानिक माणसांनी मनावर घेतले म्हणून. भीमथडीची पाच हजार ही संख्या त्या मानाने सुस्थितीतली आहे. मात्र तेथे नोंदवही आधी आली आणि संकट नंतर, म्हणून कोणती जनावरे ठेवायची हे माहीत होते. भीमथडीची वंशावळ नोंदवण्याचे काम सुरू झाले आहे का?

माणदेशकर

वंशावळ वाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. कोणती घोडी कोणाच्या घोडीची, तिची आई कोणत्या घाटात गाभडली, हे त्यांना तोंडपाठ असते. पण ती पिढी चालली आहे, आणि पुढच्या पिढीतले बरेच वाडे आता घोड्याऐवजी टेंपो करतात. तळ हलवायचा दिवस आला की सामान टेंपोत, मेंढरे पायी. टेंपो जाईल तेथे घोडी लागत नाही. घोडी उरली आहे ती जेथे गाडीरस्ता नाही तेवढ्याच वाटांपुरती, आणि तशा वाटा दरवर्षी कमी होत आहेत. त्यात मी कोणालाही दोष देणार नाही. पहाटे उठून घोडी लादणाऱ्या बाईला टेंपो मिळाला तर तिने तो नाकारावा असे सांगण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

सातारकर

अकलूज, सारंगखेडा, माळेगाव येथील घोडेबाजारांत या घोड्याला गिऱ्हाईक मिळू शकेल का? नोंद झाल्यावर भाव वाढला असेल असा माझा अंदाज.

पशुवैद्य_नगरी

सातारकर, मला भीती वाटते ती त्याचीच. या बाजारांत भाव असतो उंचीला, रंगाला आणि नाचण्याला. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांच्या गोष्टी होतात त्या मारवाडी वळणाच्या उंच घोड्यांच्या. भीमथडीला भाव यावा म्हणून कोणी तिला मारवाडी वळू लावू लागला, तर उंच शिंगरू मिळेल, चार पैसे जास्त येतील आणि दोन-तीन पिढ्यांत जात जाईल. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते, त्यामुळे हातची चांगली घोडी भलत्या संकरात गुंतली की तेवढी वर्षे कायमची वाया जातात. उंचीच्या हव्यासापायी एकदा फौजेने या घोड्याला नाकारले, आता बाजाराने तेच करू नये.

विलायतकरांच्या प्रश्नाचे उत्तर : जातीची नोंद होणे आणि एकेका जनावराची वंशावळ नोंदली जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली. दुसरीसाठी वाड्यावाड्यांत जाऊन जनावर पाहावे लागेल, त्याला खूण द्यावी लागेल आणि निवडक वळू घोडे मेंढपाळांच्याच ताब्यात ठेवून त्यांच्या पालनाचा खर्च द्यावा लागेल. एखाद्या सरकारी क्षेत्रावर वीस घोडे बांधून ठेवले तर रक्त टिकेल, पण उन्हाळ्यात मेंढरांच्या मागचे चरून घाट चढणारी घोडी तेथे तयार होणार नाही.

शंकेखोर

माझ्या शंकेपुरते म्हणायचे तर धागालेखकांचे उत्तर संभाव्य वाटते, सिद्ध झालेले वाटत नाही. जुन्या सरदार घराण्यांच्या दप्तरांत पागेच्या खर्चाचे, घोडे खरेदीचे कागद असतात. भीमथडीच्या गावांतून घेतलेल्या घोड्यांच्या विक्रेत्यांची नावे त्यांत मिळाली, आणि त्यांत मेंढपाळ निघाले, तर मी स्वतः येथे येऊन 'अटकेपार' हा मथळा मान्य असल्याचे लिहीन. मोडी वाचणारे कोणी या धाग्यावर आहे का?

गॅझेटियर-वाचक

मोडी येते. पुण्यातील पेशवे दप्तरात पागेचे कागद पाहण्यासाठी अर्ज करतो. कोणत्या वर्षांपासून आरंभ करावा हे बखरप्रेमी यांनी सुचवावे.

बखरप्रेमी

पानिपतानंतरच्या दोन-तीन वर्षांपासून करावा. १७६१ मध्ये घोडा मोठ्या संख्येने गेला होता आणि माधवराव पेशव्यांना फौज नव्याने उभारायची होती, त्यामुळे खरेदी झाली असेल तर ती त्याच काळात सर्वाधिक. विक्रेत्याचे गाव, घोड्याचा रंग आणि किंमत या तीन रकान्यांवर लक्ष ठेवा.